पोटातला गोळा आणि बोर्डाचा पहिला पेपर

अकराची घंटा होते, प्रश्नपत्रिका वाटल्या जातात आणि वर्गभर कागद उलटल्याची सळसळ होते. दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून त्या क्षणी मी बऱ्याच वर्षांपासून मागच्या भिंतीशी उभा राहत आलो आहे. समोर पंचवीस पाठी असतात. दोन-तीन मिनिटांत त्यातल्या बहुतेक वाकतात, पेनं चालू होतात. चार-पाच पाठी मात्र ताठच राहतात. प्रश्नपत्रिका हातात, नजर त्यावर, पण पेन उचलायचं नाव नाही. यात कच्चीच मुलं असतात असं अजिबात नाही. शाळेत पहिली-दुसरी येणारी मुलगीही मी अशी गोठलेली पाहिली आहे, आणि जेमतेम पास होणारा पोरगा तिच्या शेजारी निवांत लिहिताना पाहिला आहे.

हा फरक हुशारीचा नाही. त्या पोराने असा पेपर घरी चार वेळा सोडवलेला होता, एवढंच. माझ्या आईला पोळी लाटताना आत्मविश्वास लागत नाही, कारण तिच्या हाताखालून हजारो पोळ्या गेल्या आहेत. परीक्षेचंही तेच. ‘स्वतःवर विश्वास ठेव’ असं कितीही जणांनी सांगितलं तरी मन विचारतं, ‘कशाच्या जोरावर?’ त्या प्रश्नाला दाखवायला काहीतरी हवं. ते कसं जमवायचं, हे पहिल्यांदाच बोर्डाला बसणाऱ्यांसाठी पायरीपायरीने लिहितो आहे. उदाहरणं महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीची आहेत. दुसऱ्या परीक्षेला बसणार असाल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

पायरी पहिली: वही मिटून बसा

धडा तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ‘हे तर येतंय की,’ असं म्हणून आपण पान उलटतो. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षेत फक्त दुसरी कामाला येते. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहिलं. एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

म्हणून रोज एक कोरा कागद घ्या. धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहा. मुद्दे, सूत्रं, आकृती, जे येईल ते. मग पुस्तक उघडून लाल पेनाने सुटलेलं भरा. पहिल्या दिवशी कागदावर निळ्यापेक्षा लालच जास्त दिसेल आणि वाईट वाटेल. वाटू दे. तोच कागद चार दिवसांनी पुन्हा करा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

हे कागद फेकू नका, एका फाइलीत लावा. मघाच्या ‘कशाच्या जोरावर?’ या प्रश्नाचं उत्तर ही फाइलच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधडायला लागलं की ‘मला सगळं येतं’ असं घोकण्यापेक्षा ती फाइल चाळलेली बरी.

पायरी दुसरी: पेपरचा नकाशा पाठ हवा

भीतीचा मोठा भाग ‘गणित’ या शब्दात असतो. गणिताचे तुकडे केले की तो बराच कमी होतो. दहावीच्या गणिताचे दोन पेपर, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे. त्या चाळीस गुणांची मांडणी अशी:

पहिला प्रश्न ८ गुणांचा. चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाची छोटी उदाहरणं. दुसरा प्रश्न १२ गुणांचा. त्यात तीनपैकी दोन कृती आणि पाचपैकी चार उदाहरणं, सगळी दोन-दोन गुणांची. तिसरा ९ गुणांचा: दोनपैकी एक कृती, चारपैकी दोन उदाहरणं, प्रत्येकी तीन गुण. चौथ्यात तीनपैकी दोन, चार-चार गुणांची. पाचव्यात दोनपैकी एक, तीन गुणांचं.

आता हे जरा हिशेबी नजरेने बघा. पहिले दोन प्रश्न मिळून २० गुण, म्हणजे अर्धा पेपर. आणि ही उदाहरणं बहुतेक पुस्तकातल्या सरावसंचांच्याच तोडीची असतात. कृतीच्या प्रश्नात तर उत्तराचा सांगाडा छापूनच आलेला असतो, आपण फक्त चौकटी भरायच्या. भूमितीत प्रमेयांची धास्ती घेतलेल्या मुलांना मी आधी हे वीस गुण मोजून दाखवतो. ‘सर, म्हणजे प्रमेय न येताच निम्मा पेपर?’ हो, जवळपास. प्रमेयही करायचंच आहे, पण ते आलं नाही म्हणून आभाळ कोसळणार नाही, हे आधी कळू दे.

दुसरी गंमत पाचव्या प्रश्नाची. सगळ्यात अवघड आणि तीनच गुणांचा. हुशार मुलं इथे हमखास अडकतात. अभिमानाचा प्रश्न होतो ना! वीस मिनिटं त्यात घालवतात आणि चौथ्यातलं चार गुणांचं सोपं उदाहरण घाईत चुकवतात. चाळीस गुणांना दोन तास, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. तीन गुणांच्या उदाहरणाला नऊ मिनिटं, दहावं नाही.

ऐंशी गुणांच्या भाषेच्या पेपराला तीन तास, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखन २४ गुणांचं असतं. पत्र किंवा सारांश, जाहिरात-बातमी-कथा यांतले दोन प्रकार आणि शेवटी निबंध. हा विभाग पेपरात सगळ्यात शेवटी येतो आणि वेळ नेमकी तिथेच संपते. या चोवीस गुणांसाठी किमान पन्नास मिनिटं राखून ठेवायची, हे आधीच ठरवून जा.

आराखड्यात अधूनमधून बदल होतात, तेव्हा तुमच्या वर्षीचा आराखडा शाळेतून एकदा पक्का करून घ्या. मग प्रत्येक विषयाचा असा नकाशा स्वतःच्या हाताने एका पानावर काढा. शेजारी ‘नक्की येतं’, ‘अडखळतं’, ‘येत नाही’ अशा खुणा करा. ‘अडखळतं’च्या रांगेवर आधी काम करा. तिथे थोड्या कष्टात सर्वांत जास्त गुण हाती लागतात.

पायरी तिसरी: रंगीत तालीम

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा होते. ती मनापासून द्या, पण तेवढ्यावर भागत नाही. घरी प्रत्येक विषयाचे निदान दोन पूर्ण पेपर सोडवा, आणि पूर्ण म्हणजे अगदी पूर्ण. सकाळी अकरा वाजता, कारण खरा पेपर तेव्हाच असतो. रात्री दहाला ताजं राहणारं डोकं सकाळी अकराला सुस्त असू शकतं, त्याला सवय लावावी लागते. खुर्ची-टेबलावर बसा, पलंगावर नाही. जे पेन परीक्षेत वापरणार तेच घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मध्ये उठायचं नाही, पाणी हवं तर बाटली जवळ. आणि शांतता शोधत बसू नका. फेब्रुवारी-मार्च म्हणजे लग्नसराई. बाहेर बँड वाजत असेल तर उत्तमच, परीक्षाकेंद्राच्या रस्त्यावरूनही वरात जाऊ शकते.

तीन तास सलग लिहायची बोटांना सवयच नसते. दीड तासाने हात भरून येतो, अक्षर वाकडं व्हायला लागतं, आणि परीक्षेत हे पहिल्यांदाच घडलं तर मन घाबरतं. घरी दोनदा होऊन गेलेलं असलं की ‘हं, आला तो हात भरून’ म्हणून मनगट जरा झटकून तुम्ही पुढे लिहू लागता.

पेपर तपासून घ्या, शक्यतो दुसऱ्याकडून. स्वतः तपासताना आपण स्वतःशी फार प्रेमाने वागतो. गुण किती पडले यापेक्षा गुण कुठे गेले ते लिहून काढा: आलं नाही म्हणून, वेळ संपली म्हणून, की प्रश्न नीट वाचला नाही म्हणून. तिसरं कारण किती मोठं निघतं हे बघून तुम्हीच चकित व्हाल.

शेवटचा आठवडा

या आठवड्यात कुठून तरी ‘अपेक्षित’ प्रश्नांची यादी येतेच. क्लासची येते, मावसभावाकडून येते, व्हॉट्सॲपवर तर रोज नवीन. त्यात न केलेला एखादा प्रश्न दिसतो आणि पोटात गोळा येतो. माझं मत स्पष्ट आहे: शेवटच्या सात दिवसांत एकही नवं पुस्तक, नवी यादी, नवा गाइड उघडू नये. जे केलं आहे तेच फिरवायचं.

झोपेवर मात्र तडजोड नको. दिवसा केलेलं झोपेत पक्कं होतं, त्यामुळे रात्र जागून वाढवलेले तीन तास दोन्हीकडून तोट्याचे. ज्याला रात्री दोनपर्यंत जागायची सवय आहे त्याने आठवडाभर आधीपासून रोज थोडं लवकर झोपायला सुरुवात करावी. आदल्या रात्री नऊ वाजता आडवं होऊन झोप लागत नाही, नुसतं छताकडे बघणं होतं. आणि पेपरच्या आदल्या रात्री झोप खरंच लागली नाही, तरी त्याची फार चिंता करू नका. एका कमी झोपेच्या रात्रीने पेपर बुडत नाही.

आदला दिवस

केंद्र तुमच्या शाळेत नसेल तर एकदा तिथे जाऊन या. एस.टी. किंवा रिक्षाला किती वेळ लागतो, फाटक कुठे आहे, पाण्याची सोय कुठे आहे ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण दुसऱ्या दिवशी ती जागा अनोळखी राहत नाही.

पारदर्शक पिशवीत हॉल तिकीट, एकाच शाईची दोन-तीन पेनं (त्यातलं एक आधी वापरलेलं, कारण कोरं पेन कधी अडेल सांगता येत नाही), पेन्सिल, शार्पनर, खोडरबर, पट्टी, भूमितीला कंपास आणि कोनमापक. कंपासचा स्क्रू घट्ट आहे ना, हे बघा. हसू नका. माझ्या स्वतःच्या दहावीला भूमितीच्या पेपरात कंपास सैल निघाला. वर्तुळाला स्पर्शिका काढताना तो दर वेळी थोडा उघडायचा आणि वर्तुळ जिथून सुरू झालं तिथे येऊन मिळायचंच नाही. तीनदा खोडलं. कागद फाटला. त्यानंतरचं अर्धं पान काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही. कॅल्क्युलेटर चालत नाही, स्मार्ट घड्याळही नाही. वेळ बघायची सवय असेल तर साधं काट्यांचं घड्याळ चालेल का, ते शाळेत विचारून ठेवा.

सकाळ

नेहमीचाच नाश्ता करा, पोटभर पण जड नाही. हातावर दही-साखर घरचे देणारच, ती प्रेमाने घ्या. अकराच्या पेपराला साडेदहापर्यंत केंद्रावर पोचायचं असतं, पण तुम्ही सव्वादहाचं धरून चाला.

फाटकाशी गर्दी असते आणि त्या गर्दीत एक जण हमखास असतो जो विचारतो, ‘अरे, ते केलंस का?’ ‘ते’ म्हणजे नेमकं तुम्ही सोडलेलं. तिथे थांबू नका. ‘आत भेटू’ म्हणा आणि बाजूला व्हा. हा उद्धटपणा नाही.

धडधड होईल. हात गार पडतील, तळव्यांना घाम येईल, पुन्हापुन्हा लघवीला जावंसं वाटेल. हे शरीराने कामाची तयारी केल्याचं लक्षण आहे, धावण्याच्या शर्यतीआधीही असंच होतं. ‘शांत हो, शांत हो’ म्हणत त्याच्याशी झगडू नका. ‘अंगात जोर आलाय’ असं म्हणणं सोपं जातं, कारण धडधड दोन्हीकडे सारखीच असते. फारच वाढली तर श्वास नाकाने चार मोजेपर्यंत आत आणि सहा-सात मोजेपर्यंत बाहेर, असं आठ-दहा वेळा. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाचा वेग खरोखरच उतरतो.

आणखी एक उपाय सांगतो, तो थोडा विचित्र वाटेल. निघण्याआधी घरी दहा मिनिटं कागदावर आपल्याला कशाकशाची भीती वाटते ते लिहून काढायचं. ‘बाबा काय म्हणतील’, ‘प्रमेय विसरलं तर’, जे असेल ते. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेची फार धास्ती घेणाऱ्या मुलांना याचा फायदा झालेला दिसला. सगळ्यांनाच होईल असं नाही. पूर्वपरीक्षेला करून बघा, बरं वाटलं तर ठेवा.

वर्गात

बाकावर तुमचा बैठक क्रमांक घातलेला असतो. उत्तरपत्रिका मिळाली की पहिलं पान सावकाश भरा. बैठक क्रमांक आधी अंकात, मग अक्षरात, हॉल तिकीट समोर ठेवून. बारकोड जिथे सांगतील तिथेच. चुकलं तर खाडाखोड न करता पर्यवेक्षकांना सांगा. आम्ही रागावत नाही, आमच्यासाठी ही रोजची गोष्ट आहे. पाण्याची बाटली बाकाखाली ठेवा. उत्तरपत्रिकेवर पाणी सांडलेलं मी पाहिलं आहे.

पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटं आधी मिळायची. २०२३ पासून ती पद्धत बंद झाली आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडली गेली. म्हणजे दोन तासांचा पेपर आता एक वाजून दहा मिनिटांनी संपतो आणि तीन तासांचा दोन वाजून दहा मिनिटांनी. मुलं याचा अर्थ ‘वाचायला वेळ नाही’ असा घेतात आणि प्रश्नपत्रिका हातात पडताच लिहीत सुटतात. तसं करू नका. पहिली चार-पाच मिनिटं वाचायलाच द्या, आणि पेन्सिलीऐवजी मनातच खुणा करा. प्रश्नपत्रिकेवर काहीही लिहायचं नसतं. वाचताना एकच बघायचं: ‘नक्की येतं’ असे प्रश्न कोणते. न येणाऱ्यांवर नजर रेंगाळली तर तिला पुढे ढकला.

मग जे अगदी हमखास येतं त्याने सुरुवात करा. क्रम पाळलाच पाहिजे असं नाही, प्रश्न क्रमांक आणि उपप्रश्न समासात ठळक घाला म्हणजे झालं. एका प्रश्नाचे तुकडे मात्र चार पानांवर विखरू नका, तपासणाऱ्याला ते शोधावे लागतात. पहिलं पान नीट, सुटसुटीत लिहा. ते पान लिहून होईपर्यंत हाताची थरथर गेलेली असते. मागून बघताना मला हे स्पष्ट दिसतं, दहाव्या मिनिटाला खांदे खाली येतात.

पुरवणी मागताना आजूबाजूला बघू नका. शेजारचा तिसरी पुरवणी घेतो आहे आणि आपली पहिलीही भरलेली नाही, एवढ्या एका दृश्याने कितीतरी मुलं खचतात. त्याचं अक्षर मोठं असेल.

डोकं रिकामं झालं तर

हे होतं, अगदी पूर्ण तयारी केलेल्यांनाही होतं. आठवलेलं धरून ठेवायला मनात थोडीच जागा असते. काळजीने ती व्यापली की उत्तर आत असूनही हाती लागत नाही. म्हणजे ते विसरलेलं नाही, वाट अडली आहे.

अशा वेळी त्याच प्रश्नाकडे टक लावून बसणं सगळ्यात वाईट. दोन-तीन ओळी जागा सोडा आणि पुढच्या प्रश्नाकडे जा. तेही जमत नसेल तर पेन खाली ठेवा, पाण्याचा घोट घ्या, पाय जमिनीवर टेकलेले आहेत ना बघा, दोन लांब श्वास सोडा. मग त्या विषयातलं जे काही आठवेल ते उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर ‘कच्चे काम’ असं लिहून उतरवा: सूत्र, आकृती, धड्यातला एखादा शब्द. भूमितीत ‘समरूप’ एवढाच शब्द लिहिल्यावर कसोट्या आठवतात आणि मागोमाग उदाहरण सुटतं. एक धागा सापडला की बाकीचं मागे येतं. कोरा ‘वही मिटून’ कागद तुम्ही दोन महिने रोज भरला आहे, तेच काम इथे करायचं आहे.

उदाहरण पूर्ण सुटलं नाही तरी दिलेली माहिती, सूत्र आणि जमतील तेवढ्या पायऱ्या लिहा. गणितात पायऱ्यांना गुण असतात. कोऱ्या जागेला शून्यच मिळतं.

फारच मळमळलं, चक्कर आली तर हात वर करा आणि पर्यवेक्षकांना सांगा. गप्प बसून सोसू नका.

शेवटची दहा मिनिटं

नवीन मोठं उत्तर आता सुरू करू नका. बैठक क्रमांक, प्रश्नांचे क्रमांक, सोडलेल्या जागा, बहुपर्यायींची अक्षरं, उदाहरणांची एककं एवढं बघा. पुरवण्या क्रमाने लावून दोऱ्याने बांधा. आधी लिहिलेलं उत्तर बदलायचा मोह झाला तर चूक ठळक दिसत असेल तरच बदला. ‘उगाच वाटतंय’ म्हणून बदलू नका.

बाहेर आल्यावर

‘पेपर कसा गेला?’ या प्रश्नाला ‘बरा’ एवढं एकच उत्तर पुरतं. घरच्यांनाही माझी विनंती आहे, दुसरा प्रश्न विचारू नका. मुलांनी फाटकाशी उत्तरं जुळवत उभं राहू नये. लिहिलेलं आता बदलत नाही, आणि तिथे ठासून सांगणारा बरोबरच असतो असंही नाही.

एखादा पेपर खरंच वाईट गेला, तर त्या दिवशी रडू आलं तर रडा, जेवा, तासभर झोपा. मग हे आकडे आठवा. टक्केवारी सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांवर काढली जाते. गणिताचा एक पेपर बिघडला तर दुसरा चाळीस गुणांचा पेपर अजून हातात आहे, अंतर्गत २० गुण वेगळे. नापास झालात तरी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. परीक्षेच्या काळात बोर्ड समुपदेशकांचे फोन क्रमांक जाहीर करतं. झोप उडाली, जेवण जाईना, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटायला लागलं, तर त्या क्रमांकाची किंवा कुणाच्या परवानगीची वाट न बघता जवळच्या मोठ्या माणसाला त्याच क्षणी सांगा.

संध्याकाळी झालेल्या विषयाची पुस्तकं कपाटात ठेवा, नजरेआड. पुढच्या विषयाचा नकाशा टेबलावर काढून ठेवा आणि पेनात शाई किती उरली आहे ते बघा.